पांढऱ्या चादरीपुढचा फोटो

माझ्या भाचीचा पत्ता तिच्या नवऱ्याला मी दिला. आमच्या नात्यागोत्यात आजही असं बोललं जातं की तो तिच्याबरोबर खोलीत राहणाऱ्या बाईनं दिला. तसं म्हणणारा पहिला माणूसही मीच होतो. दोन्ही गोष्टी आता लिहून ठेवतो आहे. वय चौऱ्याहत्तर झालं. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, दुसऱ्याचं व्हायचं आहे. सकाळी तोंड धुताना आरशात बघायची मला शिसारी येते, आणि ती काही डोळ्यांमुळं नव्हे.

सोलापुरात माझा फोटो स्टुडिओ होता. बत्तीस वर्षं चालवला. लग्नाचे, बारशाचे, दहावीच्या फॉर्मचे, मयताचे, सगळे फोटो काढले. धंद्यात माझे दोन हट्ट होते. एक म्हणजे फोटो अस्पष्ट चालायचा नाही; कोपरा दुमडलेला चालेल, पण डोळ्यांच्या पापण्या मोजता आल्या पाहिजेत. दुसरा, प्रत्येक फोटोच्या मागं मी पेन्सिलीनं गाव आणि तारीख लिहायचो. गिऱ्हाईक म्हणायचं, कशाला मामा, आम्हाला ठाऊक आहे की. मी म्हणायचो, तुमच्या नातवाला ठाऊक नसेल. लोकांना ते आवडायचं. मलाही आवडायचं.

आणखी एका गोष्टीचा मला अभिमान होता. मुलींचे स्थळासाठी काढलेले फोटो माझ्याकडं असायचे, त्यांच्या निगेटिव्ह असायच्या. कधी कधी कुणीतरी पोरगा यायचा, ओशाळवाणं हसायचा, म्हणायचा, अमक्या कॉलनीतल्या तमकीची एक कॉपी काढून द्या. अशांना मी दुकानाच्या पायरीवरून हाकलून देत असे. एकाला तर कॅमेऱ्याचा तिपाई स्टँड उचलून दाखवला होता. ही गोष्ट मी पुष्कळ वर्षं चारचौघांत रंगवून सांगितली. आता सांगत नाही.

मोबाईल आले, स्टुडिओ बंद झाला. मुलानं मला चांगल्या कॅमेऱ्याचा फोन घेऊन दिला. पहिल्यांदा कॅमेरा उघडला तेव्हा फोननं विचारलं, फोटोसोबत ठिकाण नोंदवायचं का? मी लगेच 'हो' दाबलं. मला वाटलं, बघा, यंत्रालाही माझी सवय कळली. मागची पेन्सिल आता तोच चालवणार. 

माझी धाकटी बहीण मंद्रूपच्या पलीकडं एका गावात दिली आहे. थोडी कोरडवाहू जमीन, शेळ्या, आणि एक मुलगा, एक मुलगी. ती मुलगी म्हणजे ही भाची. तिला जिथं दिली तो नवरा मारायचा. नवरे मारतात हे मी आयुष्यभर ऐकत आलो होतो आणि आमच्या पिढीच्या पुरुषांसारखाच मानही हलवत आलो होतो. पण हा निराळा होता. तो तिला पोरीसमोर मारायचा, आणि मारून झालं की तीन वर्षांच्या पोरीला जवळ घेऊन म्हणायचा, ''आई कशी रडती, करून दाखव बगू.'' पोरगी करून दाखवायची. घरातले हसायचे.

भाची दोनदा माहेरी पळून आली आणि दोन्ही वेळा तिच्या भावानं तिला मोटरसायकलवर बसवून परत नेऊन सोडलं. तिसऱ्यांदा ती माहेरी गेली नाही. पोरीला घेऊन माझ्या दारात आली. मी काही विचारलं नाही. त्याचं कारण माझा चांगुलपणा नव्हे, मला बोलायला सुचलंच नाही. पण तिला ते धरून राहिलं. पुढं ती सगळ्यांना सांगायची, ''मामांनी एक सवाल केला न्हाय मला.''

जुन्या गिऱ्हाइकाच्या ओळखीनं मी तिला चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात पॅकिंगचं काम लावून दिलं. तिथूनच जवळ कामगारांना भाड्यानं दिलेल्या खोल्यांची एक ओळ होती. त्यातल्या एका खोलीत, त्याच कारखान्यात काम करणारी एक विधवा बाई राहत होती. पन्नाशीची, विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू आणि आमच्याशी झक्क सोलापुरी मराठी. तिनं दोघींना खोलीत घेतलं. शिफ्ट अशा लावून घेतल्या की एक कामावर तर दुसरी पोरीपाशी. आठ दिवसांत पोरगी तिला पेद्दम्मा म्हणायला लागली. त्यांच्यात मोठ्या मावशीला म्हणतात तसं. भाची तिला मावशी म्हणायची. आणि ती बाई भाचीचं ऐकून मला मामा म्हणायची, मी तिच्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी मोठा असलो तरी.

हा पत्ता फक्त मला माहीत होता. बहिणीलाही सांगितला नव्हता, कारण बहिणीला कळलं की भाच्याला कळणार, आणि भाच्याला कळलं की तो पुन्हा मोटरसायकल काढणार.

दीड वर्ष झालं. बहिणीचे फोन यायचे. ''दादा, जित्ती हाय का न्हाय एवढं तरी दाव की. पोरीचं तोंड बगून मरू दे मला.'' ती मरणाला टेकली वगैरे नव्हती, गुडघे दुखत होते. पण आई होती. तिला भिंतीवर लावायला दोघींचा मोठा फोटो हवा होता. तिच्या घरात दर्शनी भिंतीवर सगळ्यांच्या फ्रेमा आहेत, आणि भाचीच्या लग्नाची फ्रेम काढून टाकल्यावर तिथं चुन्याचा पांढरा चौकोन राहिला होता. तो बघवत नाही म्हणायची.

मी भाचीला विचारलं. तिनं उठून दार लोटलं. मग म्हणाली, ''काढा. पण मामा, मागचं काय बी दिसू देऊ नगा. हितली एक वस्तू दिसली न्हाय पायजे.''

''बत्तीस वर्षं काय शेळ्या राखल्या का मी?'' मी म्हणालो.

त्या रविवारी मी जे केलं ते मी इतक्या कौशल्यानं केलं की आजही त्यातली एक चूक मला सापडत नाही. खोलीतली उजेडाची बाजू शोधली. मावशीची नवीकोरी पांढरी चादर दोन खिळ्यांना ताणून बांधली, एक सुरकुती राहू दिली नाही. भिंतीवर किराणा दुकानाचं कॅलेंडर होतं, त्यावर दुकानाचा पत्ता, ते उतरवलं. भाचीच्या गळ्यातलं कारखान्याचं ओळखपत्र काढायला लावलं. पोरीच्या फ्रॉकवर अंगणवाडीचा बिल्ला होता, तो काढला. पाण्याच्या बाटलीवर कारखान्याचं नाव होतं, ती बाजूला केली. बाहेर एक ट्रक उभा होता, त्याच्या काचेची चमक चादरीवर पडत होती, तर मावशीला दारात उभं केलं.

मावशी हसत म्हणाली, ''मामा, एवढी झडती तर पोलीसबी घेत नाहीत की हो.''

''पोलिसांना फोटो काढता येत नाही,'' मी म्हणालो.

फोटो फार सुंदर आला. भाचीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळंसुद्धा सुंदर आली. मोठा करून फ्रेम करायचा होता. मेसेजमधून साधा पाठवला की ॲप त्याला चेपून लहान करतं, पापण्या एकमेकींत मिसळतात, हे मला माहीत होतं आणि ते मला सहन होत नसे. त्यावरचा उपायही मला माहीत होता, आणि तो मी इतर म्हाताऱ्यांना ऐटीत शिकवत असे: फोटो फोटो म्हणून पाठवायचा नाही, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचा. जसाच्या तसा जातो. काहीही गळत नाही. तसाच मी तो बहिणीच्या फोनवर पाठवला.

काहीही गळलं नाही. चेपलेल्या फोटोबरोबर जे गळून पडलं असतं, तेसुद्धा गळलं नाही.

तीन आठवड्यांनी भाची दुपारच्या शिफ्टला होती. मावशी खोलीत भाकरी करत होती. दारात एक गाडी थांबली. नवरा, त्याची आई आणि आणखी दोन माणसं उतरली. आजीनं 'माझं लेकरू' म्हणून गळा काढला. मावशी पिठाच्या हातानं आडवी झाली, तर एकानं तिला ढकललं. ती चुलीशेजारी पडली, कोपर भाजलं. पोरीला घेऊन गाडी निघून गेली. ओळीतल्या सगळ्या बायका दारांत उभ्या होत्या. कुणी पुढं आलं नाही. हे त्यांना विचारायला मी गेलेलो नाही. मी कुठल्या तोंडानं विचारणार?

संध्याकाळी मी पोचलो. भाची खोलीच्या मधोमध उभी होती, बसायला तयार नव्हती. एकच वाक्य बोलत होती, ''पत्ता कुणी दिला? पत्ता कुणी दिला?'' माझ्याशिवाय बाहेरच्या कुणालाच तो माहीत नव्हता. आणि मी तर कुणाला सांगितला नव्हता. मग उरलं कोण?

मी मावशीकडं वळलो. ओळीतल्या बायका अजून दारांत होत्या. मी म्हणालो, ''बाई, खरं काय ते सांगा. असं कसं नेमकं तुमच्या पाळीला आले ते?''

तिला आधी कळलंच नाही. कळल्यावर तिनं भाचीकडं बघितलं. भाचीनं तोंड फिरवलं. मी आणखी बोललो. ''गरिबाला कुणी काय कबूल केलं की माणूस फिरतं,'' असं काहीतरी बोललो. तिच्या कोपराला कुणीतरी हळद लावली होती, ती ओली होती. तो पिवळा हात घेऊन ती माझ्यापुढं उभी होती आणि मी तिला हे बोललो.

''मामा,'' ती एवढंच म्हणाली. 

पोरगी तीन आठवड्यांनी परत मिळाली. त्यासाठी पोलीस, वकील, कोर्ट, सगळं करावं लागलं. परत आली तेव्हा ती बोलत नव्हती आणि अंथरूण ओलं करत होती. भाचीनं ती खोली सोडली, शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. मावशीला ओळीतल्या बायका नळावर टाळू लागल्या, कारखान्यात कुजबुज सुरू झाली. तिनं काम सोडलं आणि गावात भावाकडं राहायला गेली, असं कानावर आलं. मी म्हणालो, मनात खोट असणार, नाहीतर कशाला पळाली असती. हेही मीच म्हणालो.

मग मंद्रूपला एका लग्नात भाचीचा नवरा मला भेटला. आमचे दोन्हीकडचे लांबचे नातेवाईक एक निघाले होते. मला बघताच तो लगबगीनं आला आणि भर मांडवात माझ्या पाया पडला. तोंडात पान होतं. वाकताना लाल थेंब माझ्या चपलेवर पडला.

''मामा, लई उपकार तुमचं.''

''कसले उपकार?''

''तुमी फोटो काढला नसता तर ती मला कुटं घावली असती? मी मेव्हण्याला म्हटलं, लेकराचं तोंड तरी बगू दे बापाला. त्यानं तुमचा फोटो पाठवला. झ्याक काढला व्हता. चादर तर लई झ्याक लावली व्हती.'' तो हसायला लागला. ''बगायचं का चादरीच्या मागं काय हाय ते?''

त्यानं फोन काढला. माझाच फोटो. भाची, पोरगी, एक सुरकुती नसलेली चादर. त्यावर त्यानं अंगठा खालून वर सरकवला. फोटो वर गेला आणि खाली अक्षरं आली: तारीख, वार, वेळ, माझ्या फोनचं मॉडेल. त्याखाली नकाशा. नकाशावर खूण. त्यानं दोन बोटांनी तो मोठा केला. एमआयडीसीचा रस्ता, वळण, खोल्यांची ओळ, आणि त्या ओळीवर ती खूण.

''गाडी दारातच जाऊन थांबली,'' तो म्हणाला. ''कुणाला इचारायबी लागलं न्हाय.''

शेजारी त्याचे दोघं-तिघं हसले. त्यातला एक माझा भाचा होता. तो म्हणाला, ''मला काय म्हाईत न्हवतं मामा, मी नुसता फोटो दिला.'' आणि तोही हसला, जरा उशिरानं, बाकीच्यांकडं बघून.

इथं मी काय केलं ते लिहायला पाहिजे. मी चप्पल जमिनीवर घासून पुसली. मग पंगतीला जाऊन बसलो. जेवलो. शेंगदाण्याची चटणी चांगली होती, ती परत मागून घेतली. मी तो घास गिळला, पाणी प्यालो, नवरा-नवरीवर अक्षता टाकल्या होत्याच, आहेराचं पाकीट दिलं आणि एस.टी.नं घरी आलो. कुणालाही काही बोललो नाही. दोन वर्षं बोललो नाही.

त्या दोन वर्षांत मी काय काय शिकलो! कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ठिकाण नोंदवणं बंद केलं. जुने फोटो एकेक उघडून त्यातलं ठिकाण पुसलं. हे पुसता येतं. फोटोच्या माहितीत गेलं की ठिकाण काढून टाकायची सोय असते, दोनदा बोट लावायचं. कुणाला पाठवायचाच असेल तर साधा पाठवायचा, नाहीतर त्याचा स्क्रीनशॉट काढून तो पाठवायचा. पापण्या गेल्या तरी चालतील. चोर जसा पायाचे ठसे झाडतो तसा मी बसून झाडत होतो.

सकाळी तलावाकाठी फिरायला येणाऱ्या आमच्या म्हाताऱ्यांच्या ग्रुपवर मी हे सांगितलं. त्यांचा ग्रुप म्हणजे उकिरडा. नातवंडांचे शाळेच्या गणवेशातले फोटो, सुनेचं सोनं, 'आम्ही आठ दिवस गावाला' म्हणून कुलपासकट घराचा फोटो. एक रिटायर्ड हेडमास्तर म्हणाले, ''तुझ्यामागं काय पोलीस लागलेत का रे? म्हाताऱ्याला कोण शोधतंय!'' सगळे खो खो हसले. मला त्यांचा संताप आला. आणि लगेच आठवलं की संतापायचा हक्क ज्याला आहे तो माणूस मी नव्हे.

याहून घाणेरडं पुढं आहे. हे मी भाचीलाही शिकवलं. तिच्या नव्या खोलीत बसून, तिच्या हातचा चहा पीत, तिचा फोन हातात घेऊन मी एखाद्या मास्तरासारखं सांगितलं, बघ पोरी, फोटोच्या पोटात हे असं असतं. तिनं डोळे मोठे केले.

''अगं बाई! आन् तुमाला कुटनं कळलं मामा?''

''पेपरात वाचलं,'' मी म्हणालो.

''एवढ्या वयात किती काळजी घेता हो तुमी.'' तिला कसा संशय यावा? त्या फोटोचा तिच्या मनात विषयच नव्हता. तिचा गुन्हेगार तिला मिळाला होता. मी दिला होता.

या जूनमध्ये पोरीला शाळेत घालायचं होतं. फॉर्मला फोटो लागतो. भाचीनं मला बोलावलं. म्हणाली, ''दुकानात न्हेत न्हाय. तुमच्याबिगर कुणावर भरोसा न्हाय माजा.'' मी गेलो. भिंत पांढरीच होती, चादर लागली नाही. पोरीला स्टुलावर बसवलं. आता ती बोलते, पण मोठ्या आवाजाला दचकते. मी म्हणालो, हनुवटी वर. तिनं केली. मग अचानक आईला विचारलं, ''पेद्दम्मा शाळेत बगायला येणार का?''

भाची तिची वेणी सारखी करत होती. हात न थांबवता म्हणाली, ''तिचं नाव काढायचं न्हाय म्हटलंय न्हवं? तिनं फसवलं आपल्याला.''

''मी काय केलं हुतं तिला?'' पोरगी म्हणाली.

मी फोन खाली ठेवला. मी म्हणालो, ''तिनं नाही. मी.''

सगळं सांगितलं. चादर, डॉक्युमेंट, लग्न, पान, नकाशा. शेंगदाण्याच्या चटणीचंसुद्धा सांगितलं, ते सांगायची काही गरज नव्हती, पण तोंड एकदा उघडल्यावर बंद होईना. पोरीला समजू नये म्हणून भाचीनं तिला मधेच शेजारी पाठवलं.

फोटोबद्दल ती मला एक शब्द बोलली नाही. ''चूक झाली, ते जाऊ द्या,'' असं सुद्धा नाही आणि ''असं कसं केलंत'' असंही नाही. तिनं विचारलं, ''लगीन कवा झालं ते?''

मी सांगितलं.

''म्हंजी दोन वर्सं.'' ती माझ्यापुढच्या चहाच्या कपाकडं बघत होती. ''दोन वर्सं तुमी हितं येऊन बसलात. मी मावशीला शिव्या देत व्हते आन् तुमी मान हालवत व्हता.''

मी मान हलवत होतो, हे खरं आहे.

''मला शिकवलं बी तुमीच. पेपरात वाचलं म्हणून.'' तिनं कप उचलला, मोरीत नेऊन उपडा केला आणि घासायला बसली. पुष्कळ वेळ एकच कप घासत होती. पाठमोरीच म्हणाली, ''आदी तिच्याकडं जावा. मग बगू. आन् आमी ही खोली सोडणार. कुटं जातो ते इचारू नगा.''

मावशीचा भाऊ शहराच्या जुन्या विणकर वस्तीत राहतो. मागाचा खडखडाट संपतो तिथं बोळ आहे. ती उंबऱ्याच्या आत विड्या वळत बसली होती, मांडीवर सूप, सुपात तंबाखू. मला बघून तिचा हात थांबला नाही. कोपरावर डाग आहे. मी उभ्यानंच सांगितलं. तिची भावजय आतून आली, तिला मावशी तेलुगूत काहीतरी बोलली. काय ते मला कळलं नाही. भावजयीनं मात्र माझ्याकडं असं बघितलं की भाषेची गरज उरली नाही.

''झालं सांगून?'' मावशी म्हणाली.

''माझी चूक...''

''ओ फोटोवाले.'' आता 'मामा' म्हणणं गेलं होतं. ''मला कशाला सांगताय? मी दिला नव्हता हे मला ठाऊकच हाय की. ज्यांना ठाऊक नाही त्यांना जाऊन सांगा. जिथं बोललात तिथं बोला. त्याच बायकांपुढं.''

मी म्हणालो, जाईन.

''जाईन नाही. मी येणार संगट. रविवारी नळाला पाणी येतंय तिथं. समद्या असत्यात.''

त्या रविवारी आम्ही रिक्षातून गेलो, ती एका कडेला, मी दुसऱ्या, मधे तिची पिशवी. नळावर घागरींची रांग होती. मी मोठ्यानं बोललो. आवाज फाटत होता. मी म्हणालो की या बाईंवर मी जो आळ घेतला तो खोटा होता. पत्ता माझ्या फोटोतून गेला. आणि मला हे दोन वर्षांपूर्वी कळूनही मी गप्प बसलो.

मला वाटलं होतं कुणीतरी थुंकेल. थुंकलं असतं तर बरं झालं असतं. पण एक बाई म्हणाली, ''फोटोत कसं काय दिसतंय ते? दावा की.'' दुसरीनं कमरेचा फोन काढला. तिसरी म्हणाली, ''माज्या नवऱ्याचे बी दिसत्याल का कुटं काढल्यात ते?'' हशा पिकला. एकीनं अंगठा वर सरकवून नकाशा काढला आणि ''आत्ता गं बया!'' म्हणून किंचाळली. सगळ्या तिच्याभोवती गोळा झाल्या. दोन वर्षांपूर्वी दारांत उभं राहून बघणाऱ्या त्याच बायका. मावशी तिथंच, एकटी, पिशवी धरून उभी होती. तिच्या नावाची कुणाला आठवण नव्हती.

खोल्यांची मालकीण जरा समजूतदार. ती म्हणाली, ''जाऊ द्या हो मावशी. झालं गेलं.''

''तुमचं गेलं,'' मावशी म्हणाली. ''माझं काम गेलं, माझं लेकरू गेलं. मला चोरटी म्हणत होता तुमी. तू. आन् तू.'' तिनं बोटानं एकेकीला दाखवलं. फोनवरचे अंगठे थांबले. ''आता म्हणा, चुकलं.''

कुणी पटकन म्हणेना. मग फोनवाल्या बाईनंच खाली बघत म्हटलं. मग आणखी दोघींनी. बाकीच्यांनी घागरी सरकवल्या. तेवढंच झालं. परत येताना रिक्षात ती एकदाच बोलली, ''हे कागदावर लिवून ठेवा. तुमी मेल्यावर तुमचा भाचा पुन्ना माझंच नाव घेणार.''

म्हणून हे लिहिलं आहे. भाच्यालाही एक प्रत दिली. त्यानं वाचली की नाही ते माहीत नाही. बहिणीनं वाचून घेतली आणि त्या फोटोची फ्रेम भिंतीवरून उतरवली, असं ऐकतो. तिचा मला फोन येत नाही.

भाची आता कुठं आहे हे मला माहीत नाही. मावशीला माहीत आहे. त्यांचं बोलणं सुरू झालं, एवढं भावजयीकडून कळलं. लिहिलेला कागद द्यायला मी परवा गेलो होतो. मावशीनं तो वाचला, एका जागी बोट ठेवून म्हणाली, ''कोपर चुलीनं नाही, तव्यानं भाजलं.'' मी म्हणालो, दुरुस्त करतो. वर चुलीशेजारी असं लिहिलं आहे ते तसंच राहिलं आहे. तवा होता, हे इथं नोंदवतो.

उठताना मी विचारलं, पोरगी शाळेत रमली का?

तिनं मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं. मग हात पुसून फोन उघडला आणि लांबूनच माझ्याकडं वळवला. गणवेश, दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. डोळा नीट नसल्यामुळं मी पुढं वाकलो, तशी तिनं फोन मागं घेतला.

''तिथनंच बघा. पाठवणार नाही.''

''नका पाठवू,'' मी म्हणालो.

तिनं पडदा बंद केला आणि सूप मांडीवर ओढलं. ''निघा आता. ऊन चढायच्या आत जावा.''